जुन्या घरात ईएलसीबी सारखा पडतो, म्हणून काढून टाकायचा का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळला की नाही ते तुम्हालाही दिसेल. नागपूरच्या महाल भागातलं १९७० च्या आसपासचं दुमजली घर. वरच्या मजल्यावर लाकडी पट्टीवरची जुनी वायरिंग, खाली काही खोल्यांत नंतर केलेली केसिंग-कॅपिंग, म्हणजे झाकणाच्या पट्टीतली वायरिंग, आणि फक्त त्याच खोल्यांत अर्थिंगची तार. मार्चमध्ये कूलर काढला आणि पाणी भरताना आईंना झिणझिण्या आल्या. मिस्त्रींनी मेन स्विचनंतर ३० मिलीअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे करंट जमिनीत गळू लागला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच, बसवून दिला. दिवसभर तो टिकतो, संध्याकाळी सात-आठनंतर पडतो, कधी कधी कूलर बंद असतानाही. मिस्त्री म्हणतात, "जुन्या घरात हा चालत नाही. काढून टाकू, नाहीतर १०० चा लावू." आणि तुम्ही विचारता आहात की काढावा, १०० चा लावावा, की सगळ्या घराची वायरिंग नव्याने करावी.

यातलं एकही आज करू नका. मिस्त्रींनी बसवलेली वस्तू बरोबर आहे, पण तिच्या आधी करायचं काम राहून गेलेलं आहे. जुन्या घरात ईएलसीबी बसवायला अर्धा तास लागतो. त्याआधी न्यूट्रल सोडवायला, गळती मोजायला अख्खा दिवस जातो. बहुतेक घरांत अर्ध्या तासाचं काम होतं, दिवसभराचं राहतं, आणि खापर त्या पेटीवर फुटतं.

मी नागपुरात सव्वीस वर्षं हे काम करतो आहे. परवाना आहे, आणि निम्मी कामं महाल, इतवारी, गांधीबाग अशा जुन्या वस्त्यांतलीच. तरी तुमचं घर मी पाहिलेलं नाही. वायर रबराची आहे की पीव्हीसीची, तांब्याची की ॲल्युमिनियमची, वरच्या आणि खालच्या मजल्याला मीटर एकच आहे की दोन, इन्व्हर्टर आहे का, यावर बरंच अवलंबून आहे. पण "संध्याकाळी पडतो आणि कूलर बंद असतानाही पडतो" ही जी खूण तुम्ही सांगितलीत, ती खूप काही सांगून जाते.

ही पेटी नेमकं काय करते ते आधी पाहू. आपण सवयीने ईएलसीबी म्हणतो, पण आज दुकानात मिळतो तो आरसीसीबी. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारा त्याच्या आतल्या एका लोखंडी कड्यातून जातात. फेजने जितका करंट घरात गेला तितकाच न्यूट्रलने परत आला पाहिजे. कमी आला, तर उरलेला दुसऱ्या कुठल्या तरी वाटेने, म्हणजे भिंतीतून, कूलरच्या पत्र्यातून किंवा माणसाच्या अंगातून जमिनीत गेला. हा फरक ३० मिलीअँपिअरला पोचला की आरसीसीबी पडलाच पाहिजे, आणि १५ च्या पुढे कुठेही पडू शकतो. साधारण १० मिलीअँपिअरलाच हाताचे स्नायू आवळले जातात आणि माणसाला पकड सोडवत नाही. ३० च्या वरचा करंट अंगातून वाहत राहिला तर हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका सुरू होतो. म्हणून माणसाच्या रक्षणासाठी ३० हाच आकडा धरतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा विनियमांतही घरगुती जोडणीसाठी तोच आहे. १०० चा आरसीसीबी आगीपासून काहीसं रक्षण करतो, तुमच्या आईंचं नाही. मिस्त्रींची ती सूचना मनातून काढून टाका.

आता "जुन्या घरात चालत नाही" हे म्हणणं आकड्यांवर तपासू. वायरिंगचं इन्सुलेशन आम्ही मेगरने तपासतो आणि ५०० व्होल्टला किमान १ मेगाओहम यावं असं धरतो. इतकं असेल तर २३० व्होल्टला गळती पाव मिलीअँपिअरपेक्षाही कमी. समजा तुमच्या घरात त्याच्या दहावा हिस्सा, म्हणजे फक्त १०० किलोओहम आलं. तरी गळती सव्वादोन मिलीअँपिअरच्या आसपास. १५ मिलीअँपिअर गळायला इन्सुलेशन १५ किलोओहमपर्यंत उतरावं लागतं. इतकी खराब वायरिंग भिंतीत असेल, तर ती कळणं गरजेचंच आहे. पन्नास वर्षांच्या घरांत आरसीसीबी वर्षानुवर्षं न पडता चालताना मी पाहिले आहेत. घर जुनं आहे एवढ्याने तो पडत नाही.

मग संध्याकाळीच का? माझा पहिला संशय न्यूट्रलवर आहे. आरसीसीबीच्या पुढे, घरात कुठेतरी, न्यूट्रलची तार अर्थिंगच्या तारेला किंवा अर्थ झालेल्या लोखंडाला टेकलेली असावी. न्यूट्रलला शून्य व्होल्ट समजतात, पण लोड वाढला की त्याच्यावर थोडा दाब येतोच, अगदी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या लोडनेसुद्धा. दुपारी तो अर्धा व्होल्ट असेल, संध्याकाळी सगळ्या गल्लीचे कूलर आणि एसी सुरू झाले की तीन व्होल्ट. न्यूट्रल टेकलेल्या जागेपासून जमिनीतून परत जाण्याची वाट ६० ओहमची धरली, तर अर्ध्या व्होल्टला ८ मिलीअँपिअर जातात आणि तीन व्होल्टला ५०. दुपारी टिकतो, संध्याकाळी पडतो, आणि तुमच्या घरात त्या वेळी काय चालू आहे याच्याशी त्याचा फारसा संबंध नसतो.

हा दोष वायरमनला सापडत नाही याचं कारणही सोपं आहे. आपण एकेक एमसीबी, म्हणजे त्या त्या सर्किटचा ओव्हरलोडला पडणारा स्विच, पाडून बघतो. साध्या एमसीबीने फक्त फेज तुटतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. सगळे एमसीबी पाडले तरी आरसीसीबी पडतो, आणि मग निष्कर्ष निघतो की आरसीसीबीच खराब आहे.

इतवारीत एका घरी मला याच कारणासाठी बोलावलं होतं. तिथे तीन वर्षांत दोन आरसीसीबी बदलून झाले होते. मी मेन बंद करून न्यूट्रल लिंकवरच्या काळ्या तारा एकेक सोडवल्या आणि प्रत्येकीवर अर्थच्या विरुद्ध मेगर लावत गेलो. सहा तारा चांगल्या निघाल्या. सातवीला काटा शून्यावर. ती स्वयंपाकघरातल्या मिक्सरच्या बोर्डाकडे जात होती. बोर्ड उघडला तर आतल्या लोखंडी पेटीच्या कडेला, झाकणाच्या स्क्रूखाली, काळी तार दबलेली. स्क्रूने इन्सुलेशन चावलं होतं आणि तांदळाच्या दाण्याएवढं तांबं उघडं पडून चकाकत होतं. तार मागे घेतली, टेप न गुंडाळता तो तुकडा बदलला, लांब स्क्रूच्या जागी आखूड लावला. तो आरसीसीबी अजूनही त्याच जागी आहे. त्या घरातल्या आजी म्हणाल्या होत्या, "एवढ्याशासाठी तीन उन्हाळे अंधारात जेवलो जी आम्ही."

दुसरा संशय उसन्या न्यूट्रलचा. जुन्या दुमजली घरांत जिन्याचा दिवा हमखास असा असतो की फेज खालच्या मजल्याचा आणि न्यूट्रल वरच्या मजल्याचा. कुणीतरी कधीतरी तार वाचवलेली असते. आरसीसीबी एकाच मजल्याला असेल, तर त्या दिव्याचा करंट त्याच्यातून जातो आणि परत येतच नाही, असं त्याला दिसतं. संध्याकाळी जिन्याचा दिवा लागला की पडला. एलईडी बल्ब लहान असेल तर एकट्याने पाडणार नाही, बाकीच्या गळतीत भर घालून पाडेल. इन्व्हर्टर असेल तर तीच गोष्ट. आपल्याकडे इन्व्हर्टरची फेज वेगळी ओढतात आणि न्यूट्रल घराचाच वापरतात. आरसीसीबी काही सर्किटांनाच असेल, तर हा सामायिक न्यूट्रल हिशेब बिघडवतो. इन्व्हर्टरवरच्या दिव्या-पंख्यांचा न्यूट्रल वेगळा काढून त्या बाजूला स्वतंत्र आरसीसीबी देणं हा योग्य मार्ग, कारण बॅकअपवर असताना करंटचा उगम मेनच्या आरसीसीबीच्या पुढे असतो आणि त्याच्या भरवशावर राहता येत नाही.

तिसरी शक्यता साध्या बेरजेची. प्रत्येक चांगलं उपकरणही थोडं गळतं. कॉम्प्युटर, इन्व्हर्टर एसी, वॉशिंग मशीन यांच्या आतल्या फिल्टरमुळे एकेक-दोनदोन मिलीअँपिअर सहज जातात. जुन्या गिझरच्या कॉइलमध्ये ओलावा शिरलेला असतो, तो आणखी घेतो. एका आरसीसीबीवर नेहमीची गळती नऊ-दहा मिलीअँपिअरच्या आत राहील असं मी बघतो. त्याच्या वर गेली की घर दोन-तीन आरसीसीबींत विभागतो.

आता एक अशी गोष्ट, जी सापडली तर बाकी सगळं सोडून आधी दुरुस्त करून घ्या. जिथे अर्थिंगची तार पोचलेली नाही, तिथे थ्री-पिन सॉकेटमध्ये न्यूट्रलवरून एक तुकडा मोठ्या पिनला जोडून देतात. टेस्टर पेटत नाही, झिणझिण्या थांबतात, घरमालक खूश. पण त्या सॉकेटवर कूलरचा पत्रा थेट न्यूट्रलला जोडला गेलेला असतो. मागे कुठेही न्यूट्रल तुटला, तर दिवे जातील आणि कूलरच्या पत्र्यावर पूर्ण फेज येईल. जुन्या मेनबोर्डवर न्यूट्रललाही किटकॅट फ्यूज असायचा, तो उडाला तरी हेच होतं. शिवाय पंपातून पत्र्यावर गळलेला करंट न्यूट्रलनेच परत जातो, त्यामुळे आरसीसीबीला फरक दिसत नाही. कूलरचं सॉकेट उघडून हा तुकडा आहे का ते मिस्त्रींना तुमच्यासमोर बघायला सांगा. न्यूट्रलचा किटकॅट काढून तिथे सरळ लिंक टाकून घ्या.

अर्थिंगबद्दल बोलायलाच हवं, कारण पुष्कळ लोक म्हणतात, "आमचं अर्थिंग पक्कं आहे, आरसीसीबी कशाला?" महावितरणकडून घरात फेज आणि न्यूट्रल येतात, अर्थ आपला आपण करायचा. आपली जमीन काळी. पावसाळ्यात ती चांगला अर्थ देते, पण मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, माती पाइपपासून सुटते आणि रोध वाढतो. समजा तो ४० ओहम झाला. कूलरच्या पत्र्यावर पूर्ण फेज आला तरी अर्थमधून २३० भागिले ४०, म्हणजे पावणेसहा अँपिअर जातील. १६ अँपिअरचा एमसीबी किंवा किटकॅटची तार त्याने पडणार नाही. पत्रा तसाच जिवंत राहील, ओल्या फरशीवर उभ्या माणसाची वाट पाहत. त्याच ४० ओहमच्या अर्थिंगबरोबर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी असेल, तर पत्र्यावर दीड व्होल्टसुद्धा चढण्याआधी तो पडलेला असेल. १००० ओहमचा टाकाऊ अर्थ असला तरी ३० व्होल्टच्या पुढे मजल जात नाही, आणि ५० व्होल्ट ही धोक्याची रेषा मानतात. अर्थिंग नसेल तरीही आरसीसीबी काम करतो, पण मग तो माणसाला धक्का बसल्यावरच पडतो. अर्थिंग असेल तर कुणी हात लावायच्या आधी पडतो. दोन्ही हवेत ते यासाठी. तुमच्या घराचा अर्थ नळाच्या पाइपावर घेतलेला असेल तर तो धरू नका. रस्त्यातली लोखंडी नळी बदलून प्लास्टिकची आली असेल तर तिथे अर्थ उरलेलाच नाही.

तुमच्या जागी मी काम कसं लावीन ते सांगतो. पहिल्या दिवशी सगळी उपकरणं प्लगमधून काढायची. स्विच बंद करून भागत नाही, कारण टू-पिन प्लग उलटा बसला तर स्विच न्यूट्रलमध्ये येतो आणि यंत्र आतून जिवंत राहतं. मग प्रत्येक सर्किटची फेज आणि न्यूट्रल ओळखून जोड्या लावायच्या आणि तारांवर क्रमांकाच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या. या चिठ्ठ्यांना लोक वेळखाऊ समजतात, पण पुढची वीस वर्षं त्या कामाला येतात. नंतर प्रत्येक जोडीवर मेगर. वरच्या मजल्याच्या पट्टीवरची तार एका ठिकाणी हलकेच वाकवून बघायची. रबराचं आवरण कडक होऊन भुगा पडला, तर ती तार पुन्हा त्याच पट्टीत दाबायची नाही, तो भाग बदलायचाच. पीव्हीसीची असेल आणि मेगर चांगला देत असेल तर राहू द्या. ॲल्युमिनियमची तार तांब्याला नुसती पिळून जोडलेली दिसली तर ते जोड नीट करून घ्या, कारण तापणारा जोड आरसीसीबीला दिसत नाही.

सगळं घर एकदम करायचं बजेट नसेल, तर आधी पाणी आणि पत्रा जिथे एकत्र येतात ते पॉइंट घ्या. कूलर, बाथरूमचा गिझर, पाण्याचा पंप, वॉशिंग मशीन, स्वयंपाकघराचा बोर्ड. डीबीपासून, म्हणजे एमसीबी असलेल्या पेटीपासून, या पॉइंटांपर्यंत नवीन तीन तारा, फेज, न्यूट्रल आणि हिरवा अर्थ, पीव्हीसी केसिंगमधून ओढा आणि त्यांना स्वतंत्र आरसीसीबी द्या. भिंत फोडावी लागत नाही. त्यांचा न्यूट्रल बाकीच्या घराच्या न्यूट्रलला आरसीसीबीच्या पुढे कुठेही भेटता कामा नये, एवढं मात्र कटाक्षाने. फ्रीज वेगळ्या आरसीबीओवर, म्हणजे आरसीसीबी आणि एमसीबी एकत्र असलेल्या स्विचवर, ठेवला तर तुम्ही गावाला गेलात आणि दुसरीकडे काही पडलं तरी आतलं अन्न सुरक्षित राहतं.

वस्तू घेताना आयएसआय चिन्ह आणि आयएस १२६४० हा क्रमांक बघा. सिंगल फेजला दोन पोलचा. अँपिअरचा आकडा मागच्या एमसीबीइतका किंवा जास्त असावा, म्हणजे ३२ च्या एमसीबीबरोबर ४० चा आरसीसीबी. ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किट त्याला कळत नाही, म्हणून एमसीबी लागतोच. इन्व्हर्टर एसी किंवा फ्रंट लोड मशीन असेल तर "ए" टाइपचा घ्या, कारण अशा यंत्रांतल्या बिघाडाचा करंट "एसी" टाइपला नीट ओळखता येत नाही. दोन-तीन हजारांच्या आसपास चांगला मिळतो.

बसवल्यावर टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं. त्याने यंत्र हलतं का ते कळतं, अर्थिंग आहे का ते कळत नाही, म्हणून मिस्त्रींकडून प्रत्येक सॉकेटवर आरसीसीबी तपासायच्या टेस्टरने मुद्दाम गळती देऊनही बघून घ्या. हे मी आग्रहाने सांगतो, कारण एका घरी मी डीबी उघडली तेव्हा आरसीसीबी दिमाखात बसलेला होता आणि त्याच्या आतल्या-बाहेरच्या तारा मागून थेट जोडलेल्या होत्या. सारखा पडतो म्हणून कुणीतरी तसं करून गेलं होतं. घरात दोन लहान मुलं होती आणि आई-वडिलांना वाटत होतं की आपण सुरक्षित आहोत. आणि हेही घरात सगळ्यांना माहीत असू द्या की एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरला, तर कुठलाही आरसीसीबी वाचवू शकत नाही.

थोडक्यात क्रम असा ठेवा: कूलरच्या सॉकेटमधला न्यूट्रल-अर्थ तुकडा तपासणं, लिंकवरून न्यूट्रल एकेक सोडवून मेगर, अर्थिंग मोजणं आणि अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालणं, मग गरज असेल तिथे नव्या तारा आणि दुसरा आरसीसीबी. मीटर आणि त्याच्या मागची जोडणी महावितरणची, तिथे हात लावू देऊ नका.

हे होईपर्यंत आजचा आरसीसीबी काढू नका, पडला तरी चालेल. कूलरची बॉडी बोल्टवर रंग खरवडून अर्थच्या तारेला जोडलेली आहे का ते बघा. पाणी भरताना नुसता स्विच बंद न करता प्लग ओढून काढायचा आणि पायात रबरी चप्पल हवी, हे आईंना आजच सांगा. आणि आरसीसीबी पडला की किती वाजले होते, त्या क्षणी घरात काय काय सुरू होतं, जिन्याचा दिवा लागलेला होता का, हे त्यांना कॅलेंडरवर लिहून ठेवायला सांगा. आठवड्याभराच्या त्या नोंदी मिस्त्रींच्या हातात दिल्यात, तर कुठली तार आधी सोडवायची ते त्यांना तिथेच कळेल.